वासोट्याच्या वाटेवरचं पाणी

वासोटा किल्ल्याचं दुसरं नाव व्याघ्रगड. हे नाव शिवाजी महाराजांनी ठेवलं असं सांगितलं जातं. आज हा किल्ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे, त्यामुळे ‘महाराजांनी ठेवलेलं नाव खरं झालं’ असा मजकूर दर हिवाळ्यात ट्रेकिंगच्या ग्रुपांवर फिरतो. सोबत पाण्याचे, धुक्याचे फोटो आणि खाली ठरलेले दोन शब्द : घनदाट आणि अस्पर्श. यातला पहिला शब्द शंभर टक्के खरा आहे. दुसऱ्याशी माझं भांडण आहे.

गेल्या दोनशे वर्षांत बाहेरच्या सत्तांनी आणि शहरांनी या खोऱ्याला चारदा हात लावलाय. एकदा माणसं कोंडून ठेवायला, एकदा वीज काढायला, एकदा वाघ जगवायला आणि आता शनिवार-रविवार घालवायला. शेवटच्या तिन्ही वेळा खोऱ्यातल्या माणसांचं आयुष्य हललं, आणि दोनदा तर त्यांना गावंच सोडावी लागली. हे समजून घ्यायला थेट जंगलात जायची गरज नाही. मी राहतो त्या सदाशिव पेठेतूनही सुरुवात करता येते. पण आधी वाट नीट पाहून घेऊ.

बामणोलीचा धक्का

पुण्याहून सातारा, साताऱ्याहून कास पठार, आणि पठार ओलांडून खाली उतरलं की बामणोली. जावळी तालुक्यातलं हे छोटं गाव कोयना धरणाच्या फुगवट्यावर वसलंय. या जलाशयाला शिवसागर म्हणतात. याच पाण्याच्या उत्तरेकडे तापोळा आहे. महाबळेश्वरकडून येणारे तिकडे उतरतात. बामणोलीत धक्का आहे, बोट क्लब आहे, तंबूत मुक्कामाची सोय आहे, माशाचं जेवण देणारी घरगुती हॉटेलं आहेत. वासोट्याला जाणाऱ्यांनी ओळखपत्र दाखवायचं, वनखात्याचं शुल्क भरायचं, होडी ठरवायची. साधारण दीड तास पाण्यावरून गेलं की मेट इंदवली येतं. तिथे प्लास्टिकच्या बाटल्या मोजल्या जातात, परतताना तेवढ्याच दाखवाव्या लागतात. गडावर मुक्काम करता येत नाही, आणि पावसाळ्यात हा भाग बंदच असतो.

मेट हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. किल्ल्याच्या चढावर किंवा पायथ्याशी जिथे पहाऱ्याची चौकी असते, त्या जागेला मेट म्हणतात. चौकीभोवती पहारेकऱ्यांची घरं, घरांभोवती शेती, असं मेटाचं गाव होतं. म्हणजे मेट इंदवली हे नावच सांगतं की इथे माणसं राहत होती, आणि किल्ल्याच्या कामासाठी राहत होती.

मी होडीवाल्या काकांना विचारलं, तिथे आता किती घरं आहेत?

“घरं कुठली, पावनं? मानसं गेली समदी. आंब्याची झाडं तेवढी ऱ्हायली.” मग पाण्याकडे हात करून म्हणाले, “माझ्या आईचं माहेर हितं खाली हाय.”

हे त्यांनी सांगितलं ते अगदी सहज, साताऱ्याचा स्टँड कुठे आहे ते सांगावं तसं. आम्ही ज्या पाण्यावरून चाललो होतो ते मुळात तळं नव्हतं. ते बुडालेलं खोरं होतं.

वाड्यातून गडाकडे

सदाशिव पेठेचं नाव पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंवरून आलं. पण वासोट्याची गोष्ट जोडलेली आहे ती याच परिसरातल्या विश्रामबागवाड्याशी. दुसऱ्या बाजीरावाने हा वाडा १८०७च्या सुमारास बांधून घेतला आणि पेशवाईच्या शेवटापर्यंत शनिवारवाड्यापेक्षा इथेच राहणं पसंत केलं. आज त्याच्या कोरीव लाकडी गॅलरीखाली उभं राहून लोक रील काढतात.

हा वाडा उभा राहत होता त्याच सुमारास तिकडे वासोट्याला वेढा पडला होता. कऱ्हाडच्या परशुराम श्रीनिवास पंतप्रतिनिधींचं बाजीरावाशी बिनसलं आणि त्यांना मसूरला नजरकैदेत ठेवण्यात आलं. त्यांची रक्षा म्हणून राहिलेली स्त्री, जिला इतिहास ताई तेलीण म्हणून ओळखतो, वासोट्याच्या आश्रयाने माणसं जमवून बाहेर पडली आणि तिने पंतांना सोडवलं. मग पेशव्यांनी बापू गोखल्यांना पाठवलं. पंत पुन्हा पकडले गेले. ताई तेलीण मात्र वासोटा लढवत राहिली. तब्बल आठ महिने. शेवटी गडावरच्या धान्याच्या कोठाराला आग लागली आणि किल्ला द्यावा लागला. पुढे साताऱ्याला इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून आलेल्या ग्रँट डफनेही ही हकीकत आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवलीय.

एक बाई आठ महिने पेशव्यांच्या सर्वांत नामांकित सेनापतीला थोपवून धरते, ते तिच्या हिमतीमुळे आणि या खोऱ्यामुळे. एका बाजूला कोकणात कोसळणारे कडे, दुसऱ्या बाजूला दाट झाडीतून गावागावांमधून जाणाऱ्या पायवाटा. वाटा माहीत असलेली माणसं कुणाच्या बाजूने आहेत यावर इथे निकाल ठरायचा. जावळीच्या मोऱ्यांचा जोरही हाच होता, आणि १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली ती याच मोक्यासाठी. तीन वर्षांनी अफजलखानाला प्रतापगडाच्या पायथ्याशी, याच डोंगररांगेत, आणण्यामागे हाच विचार होता.

बाजीरावाला वासोट्याचा वेगळाच उपयोग सुचला. इंग्रजांशी बिघडत चाललं तेव्हा त्याने छत्रपती प्रतापसिंह आणि त्यांच्या घरच्यांना वासोट्यावर नेऊन ठेवलं. ज्यांच्या नावाने पेशवा राज्य चालवत होता तेच त्याच्या कैदेत. १८१७च्या नोव्हेंबरात, खडकीच्या लढाईच्या दिवसांत, हंटर आणि मॉरिसन हे घोडदळातले दोन तरुण इंग्रज अधिकारी उरुळीजवळ पेशव्यांच्या माणसांच्या हाती लागले. पुढे त्यांनाही इथेच आणलं गेलं. प्रतापसिंहांना बाजीरावाने पळापळीत आपल्या छावणीत बोलावून घेतलं. २० फेब्रुवारी १८१८ला अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि प्रतापसिंह इंग्रजांच्या ताब्यात गेले. घरातली काही माणसं आणि ते दोन अधिकारी अजून गडावरच होते. एप्रिलच्या सुरुवातीला जनरल प्रिट्झलरच्या फौजेने समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या, मारा केला आणि किल्ला शरण आला.

त्यानंतर वासोट्याला लष्करी अर्थ उरला नाही. फौज गेली, मेटावरची चौकी गेली, पण गावं राहिली. आणखी जवळजवळ दीडशे वर्षं इथे नाचणी-वरी पिकत होती, गुरं चरत होती, मुली खोऱ्यातल्या एका गावातून दुसऱ्या गावात नांदायला जात होत्या. किल्ल्याबद्दलच्या बहुतेक लेखांमध्ये १८१८ नंतर एकदम ‘आज’ येतं. मधली दीडशे वर्षं गाळलेली असतात, कारण त्यात लढाई नाही.

उलटी वळवलेली नदी

कोयना नदी जरा वेगळी आहे. महाबळेश्वरला उगम पावून ती बाकीच्या नद्यांसारखी लगेच पूर्वेला न जाता सह्याद्रीच्या कण्याला समांतर, दक्षिणेकडे साठेक किलोमीटर जाते. मग हेळवाकजवळ पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. म्हणजे बराच काळ ती उंचावर, पश्चिमेच्या कड्याला खेटून वाहते. आणि कड्याच्या पलीकडे, पावणेपाचशे मीटर खाली, कोकण आहे.

कुठल्याही इंजिनिअरला यात काय दिसेल हे सांगायला नको. इथे धरण बांधायचं, डोंगरातून बोगदा काढायचा आणि पाणी पश्चिमेला सोडून द्यायचं. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात टाटांनी या नदीची पाहणी केली होती. स्वातंत्र्यानंतर सरकारने काम हाती घेतलं. १९६१पासून पाणी अडायला लागलं आणि १९६२ मध्ये पोफळीच्या भूमिगत वीजघरातून वीज मिळू लागली. १०३ मीटर उंचीच्या भिंतीमागे साठणारं पाणी आज १०५ टीएमसीच्या घरात आहे. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतली चारही धरणं मिळून २९ टीएमसीच्या आसपास आहेत, यावरून अंदाज यावा. चारही टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता जवळपास १९६० मेगावॅट आहे. कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी वीज करून वाशिष्ठीत, चिपळूणकडे, जातं आणि अरबी समुद्राला मिळतं. बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी आपण उलट फिरवलंय.

चौथ्या टप्प्यातलं एक काम तर मला आजही थरारक वाटतं. भरलेल्या जलाशयाच्या तळाला खालून भोक पाडायचं होतं. बोगदा खणत तळाच्या अगदी जवळ जायचं, शेवटचा खडकाचा थर राखून ठेवायचा आणि तो एका स्फोटात उडवायचा. १३ मार्च १९९९ला हे झालं. आशियातला हा असा पहिला प्रयोग मानला जातो. २०१२ मध्ये तो पुन्हा यशस्वी केला. जलाशय रिकामा न करता चालू यंत्रणेला नवा फाटा जोडणं म्हणजे काय, हे माझ्या क्षेत्रातल्या लोकांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

मी हे कौतुकाने सांगतोय, आणि ते कौतुक खरं आहे. नुकत्याच जन्मलेल्या महाराष्ट्राचे कारखाने आणि मुंबईचे दिवे या विजेवर उभे राहिले. पण जमाखर्चाची दुसरी बाजूही त्याच वहीत लिहायला हवी.

पाणी चढलं तशी शंभराच्या आसपास गावं पूर्ण किंवा अंशतः बाधित झाली. हजारो कुटुंबं उठली. काहींना सांगली-सोलापूरकडे जमिनी दाखवल्या गेल्या, काही रायगड, रत्नागिरी, ठाण्याकडे गेली. नाचणी-वरीच्या आणि भातखाचरांच्या शेतकऱ्याला सोलापूरच्या कोरड्या माळावर नेणं म्हणजे नुसतं पत्ता बदलणं नव्हतं. पीक, पाऊस, बोली, सोयरीक, सगळं नवं. आणि बऱ्याच जणांनी तिसरा मार्ग धरला : पाणी जिथवर आलं त्याच्या वर सरकले. आजचं बामणोली अशा वर सरकलेल्या वस्तीचंच गाव आहे. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला १९७६ मध्ये. तोवर कोयनेचं पाणी भरून दीड दशक होत आलं होतं. गेल्या दशकातही कोयनानगरला प्रकल्पग्रस्त ठिय्या देऊन बसले होते. पहिल्या पिढीच्या नातवंडांच्या हातात आजोबांच्या नावाचे कागद होते.

वर सरकलेल्यांचंही सोपं नव्हतं. चांगली जमीन नदीकाठची, ती गेली. वाटा खोऱ्याच्या तळातून जायच्या, त्या बुडाल्या. काल ओढा ओलांडून ज्या गावात जाता यायचं ते आज पाण्यापलीकडे. कांदाटी खोऱ्यातल्या माणसाला आजारी पडलं तर होडीतून न्यायचं. मग तरुणांनी मुंबई गाठली. जावळी-पाटणकडच्या माणसांनी मुंबईच्या बाजारांत, गोदीत ओझी वाहिली. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच, आणि १९६९चा माथाडी कायदा ही त्याच कष्टकऱ्यांची कमाई. डोंगरातून मुंबईला जाणं धरणाआधीही होतं. धरणाने परत यायची जागा आक्रसून टाकली.

त्यातच ११ डिसेंबर १९६७ची पहाट आली. चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर परिसर भूकंपाने हादरला. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. धरणाला तडे गेले, पुढे ते मजबूत करण्यात आलं. साठवलेल्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतो का, या प्रश्नाचा जगभर अभ्यास होतो तेव्हा कोयनेचं नाव पहिल्या काहींत येतं.

पुण्याला धरणाची आठवण आहे ती १२ जुलै १९६१ची. पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठा बुडाल्या. त्या पुराच्या खुणा भिंतींवर आहेत, घराघरांत किस्से आहेत, दरवर्षी त्या दिवशी लेख येतात. पुण्यात पाणी आलं आणि ओसरलं, म्हणून ती दुर्घटना ठरली. कोयनेच्या खोऱ्यात त्याच वर्षी पाणी चढू लागलं आणि ते राहिलं. जे राहतं त्याला आपण जलाशय म्हणतो, त्यावर होडी चालवतो.

रान कसं झालं

माणसं कमी झाली, वाटा बंद झाल्या, शेती थांबली. उरलेल्या डोंगरउतारांवर रान माजलं. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य जाहीर झालं, सुमारे ४२४ चौरस किलोमीटरचं. २०१० मध्ये कोयना आणि दक्षिणेचं चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कास आहे, कोयनाही आहे.

अभयारण्य झाल्यावर आत राहिलेल्या गावांना दुसऱ्यांदा उठावं लागलं. काही गेली, काहींचं पुनर्वसन वर्षानुवर्षं लांबलं. मेट इंदवली ते वासोटा या वाटेवर नीट पाहिलं तर हे दिसतं. ओढ्याजवळ मारुती आणि गणपती आहेत. गावाच्या वेशीवर असावेत तसेच. झाडीत जोत्यांचे दगड आहेत. रानात कुणी ओळीने आंबे लावत नाही, इथे ते आहेत. ट्रेकचा ब्लॉग लिहिणारे याला ‘भग्नावशेष’ म्हणतात, जणू ते यादवकाळातले आहेत. त्या घरांत जन्मलेली माणसं अजून जिवंत आहेत.

याचा अर्थ रान नको असा मुळीच नाही. हे जंगल टिकलं म्हणून कोयनेत पाणी येतं आणि गाळ कमी येतो. वाघही परतू लागलेत. २०१८ मध्ये बऱ्याच वर्षांनी कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघाचा फोटो मिळाला, २०२३च्या शेवटी पुन्हा मिळाला, आणि २०२५च्या नोव्हेंबरात ताडोब्यातली एक वाघीण सह्याद्रीत आणली गेली. मला या बातम्यांचा मनापासून आनंद होतो. पण वाघासाठी मोकळी जागा सापडली असं म्हणताना ती मोकळी कशी झाली हेही माहीत असावं.

सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० मध्ये स्थापन केलेलं. तिथे गेलं की राजे, सरदार, किल्लेदार यांच्या कागदांची किती निगराणी झालीय ते कळतं. त्यासाठी कुणीतरी गावोगाव फिरलं, माळ्यावरची दप्तरं उतरवली, मोडी वाचली. कोयना खोऱ्यातल्या बुडीत गावांची दप्तरं माणसांच्या तोंडी आहेत, आणि ज्यांनी पाणी चढताना डोळ्यांनी पाहिलं ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. आपल्या खिशात रेकॉर्डर आहे. राजवाड्यांकडे तो नव्हता.

पुढची मागणी

आता चौथा हात. ‘नवीन महाबळेश्वर’ या गिरिस्थान प्रकल्पासाठी या भागातल्या २३५ गावांकरता राज्य रस्ते विकास महामंडळाला नियोजनाचे अधिकार दिले गेले. तापोळ्याजवळ शिवसागरावर मोठ्या पुलाचं काम हाती घेतलं गेलं. काठाकाठाने रिसॉर्ट उभी राहतायत. रोज होडीने शाळेत जाणाऱ्या मुलाला पूल हवाच आहे. तो नको म्हणायचा अधिकार मला, आठवड्याला एकदा येणाऱ्या पुणेकराला, नाही. बामणोलीतले बोटवाले, जेवण करून देणाऱ्या मावशी, वाटाडे यांचा संसार आपल्या येण्यावरच चालतो.

प्रश्न फक्त आजवरच्या अनुभवाचा आहे. गड कैदखाना झाला तेव्हा मेटकऱ्यांना विचारलं नव्हतं. धरणाच्या वेळी विचारण्याची पद्धत नव्हती, नोटीस यायची. अभयारण्याच्या वेळी हद्द नकाशावर आधी आखली गेली. या वेळी निदान कायदे आहेत, ग्रामसभा आहेत, आणि गावातल्या पोरांकडे स्मार्टफोन आहेत. जमिनीचे दर वाढतायत तेव्हा विकणारा कोण आणि घेणारा कोण, होडीचा धंदा पूल झाल्यावर कुणाकडे जाणार, जंगलाच्या वेशीवर किती खोल्या बांधायच्या, हे त्यांनी ठरवावं. आपण पाहुणे आहोत, तर पाहुण्यासारखं वागावं : मुक्काम गावातल्या माणसाच्या घरी करावा, होडी त्याची घ्यावी, आणि जेवताना ‘इथे आधी काय होतं’ एवढं विचारावं. उत्तर मिळतं. फार वेळ मिळत राहतं.

आणि माझी एक साधी मागणी आहे. बामणोलीच्या धक्क्यावर, जिथे आपण लाइफ जॅकेट घालतो, तिथे एक फलक असावा. त्यावर पाण्याखाली गेलेल्या गावांची नावं असावीत, खोऱ्यात होती त्याच क्रमाने, उत्तरेकडून दक्षिणेकडे. म्हणजे होडी निघाली की कुणालाही नकाशा न उघडता कळेल की आपण आत्ता कुठल्या गावावरून चाललोय.